वाचकांचे प्रश्न: अमेरिकेतला ‘कन्सील्ड कॅरी’ परवाना कुठे चालतो आणि कशाला चालतो?

मागच्या अंकात स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल लिहिलं होतं, म्हणजे आपल्या इथल्या कायद्याबद्दल, पण त्यावर जे मेसेज आणि ईमेल आले त्यातले बरेचसे निघाले अमेरिकेबद्दलचे. तसं स्वाभाविकच आहे म्हणा, ठाण्यात काय आणि वाशी-नेरुळला काय, कुठल्याही सोसायटीत जा, एखादं तरी घर असतंच जिथे रात्री जेवणं आटपली की व्हिडिओ कॉल लागतो आणि तिकडे नुकतीच सकाळ झालेली असते. आईवडील इथे, मुलं तिकडे, आणि मधूनमधून टीव्हीवर तिकडच्या गोळीबाराची बातमी. त्यामुळे या वेळी सगळी जागा याच प्रश्नांना दिलीये. ‘कन्सील्ड कॅरी’ म्हणजे हत्यार कपड्याखाली लपवून जवळ बाळगणं. एक गोष्ट सगळ्या उत्तरांत परत परत येईल: तिकडे ‘बंदुकीचा परवाना’ नावाची एकच एक गोष्ट नाहीये. कार्ड कुठल्या राज्याचं, त्यावर शब्द नेमका कुठला छापलाय, आणि ते ज्याच्या खिशात आहे तो माणूस कुठल्या व्हिसावर आहे, हे तिन्ही बघितल्याशिवाय काहीच सांगता येत नाही.

माझा मुलगा तीन वर्षांपासून डॅलसला आहे, एच-वन-बी वर. त्याच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मध्यंतरी एकाला लुटलं. ऑफिसातला मित्र त्याला म्हणतो टेक्ससमध्ये आता परवाना लागतच नाही, एक छोटं पिस्तूल घे आणि गाडीत ठेव. मुलगा विचारतोय घेऊ का. त्याच्या आईला रात्र रात्र झोप नाही. – एक वडील, घोडबंदर रोड, ठाणे

काका, हे वाचून झालं की आधी मुलाला फोन लावा आणि सांगा की घेऊ नकोस. बाकीचं उत्तर नंतर वाचा.

मित्र म्हणतो ते त्याच्यापुरतं खरं आहे. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला पिस्तूल अंगावर बाळगायला परवान्याची गरज नाही, पण त्याच कायद्यात अट आहे की त्या माणसाला बंदूक ठेवायला दुसऱ्या कुठल्या कायद्याने बंदी नसावी. आणि तुमच्या मुलाला बंदी आहे. ती टेक्ससची नाही, केंद्राची, म्हणजे तिकडे ज्याला फेडरल म्हणतात त्या कायद्याची, आणि ती पन्नासच्या पन्नास राज्यांत लागू आहे. जो माणूस नॉन-इमिग्रंट व्हिसावर, म्हणजे कायम राहायला नव्हे तर ठरावीक काळासाठी आलाय, मग तो एच-वन-बी असो, बायकोचा एच-फोर असो, एल-वन असो, शिकायला गेलेल्याचा एफ-वन असो किंवा तुम्ही-आम्ही नातवंडं बघायला जातो तो बी-टू असो, त्याने बंदूकही जवळ ठेवायची नाही आणि गोळ्याही ठेवायच्या नाहीत. विकत घेणं तर सोडाच, नुसती ताब्यात असणं हाच गुन्हा, आणि २०२२ पासून त्याची शिक्षा १५ वर्षांपर्यंत नेलीये. कायद्यात अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे ज्याच्याकडे शिकारीचं चालू लायसन्स आहे तो. कुणीतरी मुलाला नक्की सांगेल की ऑनलाइन शिकारीचं लायसन्स काढ, काही डॉलर लागतात, की झालं काम. तसं अजिबात करू नये, निदान तिथल्या इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन, समोर बसून विचारल्याशिवाय तर नाहीच, कारण इथे प्रश्न फक्त जेलचा नसतो. बंदुकीचा एक गुन्हा शाबित झाला की ते देशाबाहेर काढण्याचं कारण होतं, आणि मग इतकी वर्षं रांगेत उभं राहून ज्या ग्रीन कार्डची वाट बघितली ते संपलंच. ग्रीन कार्ड हातात आलं की ही बंदी उठते. अर्ज केलाय, नंबर लागलाय, यावर विसंबून राहू नका, कार्ड हातात आलं पाहिजे.

माझ्याच घरची गोष्ट सांगते, मी २०१९ ला लेकीच्या बाळंतपणाला ह्यूस्टनला होते. जावई एच-वन-बी वरच. त्याचा मॅनेजर मोठा दिलदार माणूस, एका शनिवारी त्याला आणखी दोघांबरोबर शूटिंग रेंजवर घेऊन गेला, सगळे हसतखेळत, काही वाईट हेतू नाही. काउंटरवर फॉर्म दिला त्यात नागरिकत्वाचा प्रश्न होता. जावई तिथे थांबला, पेन खाली ठेवलं आणि म्हणाला मी नाही मारत, मी कॉफी घेऊन बसतो. घरी येऊन सांगितलं तेव्हा चेहरा पडलेला होता, सगळ्यांसमोर ओशाळल्यासारखं झालं म्हणाला. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मला आजही वाटतं त्या दिवशी त्याने माझ्या लेकीचं आणि पंधरा दिवसांच्या नातीचं घर सांभाळलं. रेंजवर भाड्याची बंदूक पाच मिनिटं हातात धरणं हाही ताबाच धरला जातो, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? फेसबुकवर फोटो टाकतात, बंदूक हातात, कानाला ते हेडफोनसारखं लावलेलं, आणि खाली तीस जण ‘भारी’ म्हणून लिहितात. तो फोटो म्हणजे स्वतःविरुद्ध दिलेला पुरावा आहे.

अजून एक, मुलाचा रूममेट कोण आहे तेही विचारा. रूममेट अमेरिकन असेल आणि त्याची बंदूक कपाटात असेल तर ती त्याच्या स्वतःच्या कुलपात, त्याच्या खोलीत पाहिजे, मुलाकडे किल्ली नको. मित्राच्या गाडीतून जाताना डॅशबोर्डच्या कप्प्यात पिस्तूल असेल तर त्या गाडीत बसू नये.

आणि मग त्याने काय करायचं? पेपर स्प्रे घ्यावा, तो या बंदीत येत नाही. अपार्टमेंटच्या ऑफिसला पार्किंगच्या दिव्यांबद्दल लेखी ईमेल करावा, लेखीच, म्हणजे त्यांना उत्तर द्यावं लागतं. आणि रात्री उशिरा येणं होत असेल तर जागा बदलावी, भाडं दोनशे डॉलर जास्त गेलं तरी चालेल. त्याच्या आईला सांगा की हे तिन्ही केलं तर मुलगा पिस्तूल घेऊन जितका सुरक्षित राहील त्यापेक्षा जास्त सुरक्षित राहील.

माझा मोठा भाऊ वीस वर्षं फ्लोरिडात टॅम्पाला आहे, तिथला सिटिझन आहे, कन्सील्ड कॅरीचं लायसन्स आहे. डिसेंबरमध्ये मी जाणार आहे आणि आम्ही गाडीने न्यू जर्सीला एडिसनला मामेबहिणीकडे जायचं म्हणतोय. दादा म्हणतो माझं लायसन्स सगळीकडे चालतं, पिस्तुलालाही आणि कमरेच्या चाकूलाही. खरंय का? – एक बहीण, सेक्टर १९, नेरुळ

नाही, खरं नाहीये, आणि दादा फ्लोरिडात इतकी वर्षं राहिल्यामुळेच त्याला असं वाटतंय.

आपल्याला सवय आहे ड्रायव्हिंग लायसन्सची. एमएच ०४ ची गाडी असो की ४३ ची, ठाण्याचं लायसन्स घेऊन गोव्यात गेलं, केरळात गेलं, कुणी विचारत नाही. अमेरिकेतही ड्रायव्हिंग लायसन्स सगळ्या राज्यांत चालतं. पण पिस्तुलाच्या परवान्याचं तसं नाही. तो प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने देतं आणि दुसऱ्या राज्याचा मानायचा की नाही हेही ज्याने त्याने ठरवायचं, सगळ्या राज्यांना बांधील असा केंद्राचा नियम नाही.

आता दादाचा रस्ता बघू. टॅम्पाहून निघून आय-९५ हायवे पकडला की जॉर्जिया लागतं, तिथे एप्रिल २०२२ पासून परवाना नसला तरी चालतं. मग साउथ कॅरोलिना, तिथे मार्च २०२४ पासून तसंच. नॉर्थ कॅरोलिना बाहेरच्या राज्यांचे परवाने मानतं. पुढे मेरीलँड, आणि तिथे बाहेरच्या कुठल्याच राज्याचा परवाना चालत नाही, हद्दीची पाटी ओलांडली की त्या क्षणी दादाच्या कार्डाची किंमत शून्य. सकाळी जो माणूस कायद्याने बरोबर होता तोच दुपारी आरोपी, आणि त्याने मधे काहीही वेगळं केलेलं नसतं, फक्त गाडी चालवली. न्यू जर्सीही कुणाचाच परवाना मानत नाही, आणि तिथला कायदा फार कडक आहे.

न्यू जर्सीचं एक प्रकरण सांगते. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक बाई, पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना असलेली, मुलांना एकटीने वाढवणारी, गाडीने न्यू जर्सीत गेली. फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सी यांच्यात फक्त एक नदी आहे, आपल्या कळव्याची खाडी ओलांडल्यासारखं. पोलिसाने ट्रॅफिकच्या कारणाने गाडी थांबवली, आणि तिने स्वतःहून प्रामाणिकपणे सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा परवाना. तिला तिथेच अटक झाली. तिच्या डोक्यावर किमान तीन वर्षांच्या सक्तीच्या शिक्षेची टांगती तलवार होती, पहिला गुन्हा असूनही. खूप आरडाओरडा झाला, मग सरकारी वकिलांनी खटल्याऐवजी सुधारणेच्या कार्यक्रमात घेतलं, आणि शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला पूर्ण माफी दिली. पण माफी म्हणजे गव्हर्नरची मर्जी, दादाने त्याच्या भरवशावर प्रवासाला निघायचं का?

दादा कदाचित म्हणेल की बंदूक प्रवासात नेण्यासाठी १९८६ चा केंद्राचा कायदा आहे. आहे. त्यात बंदूक रिकामी पाहिजे, गोळ्या आणि बंदूक दोन्ही गाडीत बसलेल्याच्या हाताला न येतील अशी डिकीत पाहिजे, गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलपाच्या पेटीत, आणि ती पेटी म्हणजे डॅशबोर्डचा कप्पा नव्हे. पण मुख्य अट अशी की जिथून निघालात आणि जिथे पोचणार त्या दोन्ही ठिकाणी ती बंदूक बाळगणं तुम्हाला कायदेशीर असलं पाहिजे. म्हणजे न्यू जर्सी फक्त ओलांडून पुढे जाणाऱ्यासाठी हा कायदा आहे, एडिसनला मामेबहिणीकडे आठ दिवस राहणाऱ्याने त्याचा आधार मिळेल असं धरूच नये. आणि तुम्ही स्वतः बी-टू वर असणार, वरच्या उत्तरात सांगितलेली बंदी तुम्हालाही आहे, तेव्हा ज्या गाडीत तुम्ही बसणार त्या गाडीत पिस्तूल नकोच. टॅम्पाच्या घरी तिजोरीत ठेवून या असं दादाला स्पष्ट सांगा. लहान बहीण आहात म्हणून गप्प बसू नका.

आता चाकूचं, आणि इथे मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण बहुतेक लोकांना हे तिथे राहूनही माहीत नसतं. दादाच्या लायसन्सवर काय छापलंय ते वाचायला सांगा. फ्लोरिडाच्या कायद्यात शब्द ‘वेपन ऑर फायरआर्म’ असा आहे, आणि त्या वेपनमध्ये पिस्तूल, विजेचा झटका देणारं उपकरण, अश्रुधुराची गन, चाकू आणि दंडुका एवढं सगळं येतं. (हे लायसन्स फ्लोरिडात शेतीखातं देतं, पोलीस नाही, आणि ते सात वर्षं चालतं.) म्हणून दादाला वाटतं की परवाना म्हणजे सगळ्या हत्यारांचा. पण टेक्ससचा परवाना बघा, ‘लायसन्स टु कॅरी अ हँडगन’, म्हणजे फक्त पिस्तूल-रिव्हॉल्व्हर. चाकूशी त्याचा संबंधच नाही, चाकूसाठी तिथे वेगळा नियम, पातं साडेपाच इंचांपेक्षा लांब असेल तर शाळा वगैरे ठरावीक ठिकाणी न्यायचा नाही, परवाना असो नसो. व्हर्जिनियाचं नाव ‘कन्सील्ड हँडगन परमिट’, तेही तेवढ्यापुरतंच. मिशिगनचं ‘कन्सील्ड पिस्टल लायसन्स’, त्यात पिस्तूल, आणि २०१२ पासून टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारी गन, पण कट्यारीसारखं दुधारी हत्यार नाही, म्हणजे पिस्तूल कमरेला कायदेशीर आणि त्याच कमरेला कट्यार असेल तर गुन्हा. जॉर्जियाचं ‘वेपन्स कॅरी लायसन्स’, ते पिस्तुलाला आणि चाकूला दोन्हीला, पण चाकू म्हणजे त्यांच्या कायद्याप्रमाणे बारा इंचांपेक्षा लांब पात्याचाच, त्यापेक्षा लहान असेल तर त्याला हत्यारच धरत नाहीत. केंटकीच्या परवान्यात ‘डेडली वेपन्स’ असा शब्द आहे म्हणून तो चाकू, दंडुका, नानचाकू, मुठीत घालायचे पितळी नकल्स इथपर्यंत पसरतो. आणि कॅलिफोर्नियात तर परवाना तुमच्या नावाबरोबरच त्या ठरावीक पिस्तुलाचा असतो, मेक, मॉडेल आणि सिरियल नंबर लिहिलेला, घरात दुसरं पिस्तूल असेल आणि ते त्यावर नसेल तर ते न्यायचं नाही. तिथे न मिटणारा चाकू कपड्याखाली लपवला की परवाना असूनही गुन्हा, मात्र तोच चाकू कमरेला म्यानात उघड दिसेल असा लावला तर राज्याच्या कायद्याने चालतो. आपल्याला हे उलटं वाटतं, पण आहे असं.

आणि ज्या राज्याचा परवाना चालतो त्या राज्यातही सगळीकडे चालत नाही. ह्यूस्टनला नातीला घेऊन मी एका दवाखान्यात जायचे, त्याच्या काचेच्या दारावर एक मोठी पाटी होती, वर इंग्लिश खाली स्पॅनिश, इंचभर उंचीची जाड अक्षरं, त्यात पीनल कोडचं कलम ३०.०६ लिहिलेलं. दोन-तीनदा मी नुसतीच बघितली, मग एकदा बाबागाडी बाजूला लावून उभी राहून पूर्ण वाचली. परवाना असलेल्यानेही लपवलेलं पिस्तूल घेऊन आत यायचं नाही असा त्याचा अर्थ, आणि अक्षरांची उंची, दोन भाषा, ठरलेला मजकूर हे सगळं कायद्यात लिहिलंय, तशी पाटी असेल तर ती मोडणं हा गुन्हा. दारू विकून निम्म्याहून जास्त कमाई होते अशा ठिकाणी लाल रंगात ५१ टक्के लिहिलेली पाटी असते, तिथेही नाही. पोस्ट ऑफिस आणि केंद्र सरकारच्या इमारती तर कुठल्याच राज्यात नाही. आणि शाळेपासून हजार फुटांच्या आत केंद्राचा वेगळा कायदा लागतो, त्यातून सूट मिळते ती फक्त ज्या राज्यात शाळा आहे त्याच राज्याने परवाना दिला असेल तर.

पोलिसाने गाडी थांबवली तर स्वतःहून सांगायचं का, हेही राज्यागणिक बदलतं. मिशिगनमध्ये परवानेवाल्याने लगेच स्वतःहून सांगायचं, ओहायोत २०२२ पासून विचारलं तरच.

पण सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सगळ्यांना बंदूक बाळगायचा हक्क दिला ना? मग राज्यं अजून वेगळी कशी वागतात? – कायद्याचा विद्यार्थी, नौपाडा, ठाणे

ब्रूएन निकालाबद्दल विचारतोयस. न्यूयॉर्कमध्ये १९११ पासून कायदा होता, परवाना मागणाऱ्याने ‘मला इतरांपेक्षा वेगळी, खास गरज आहे’ हे दाखवायचं आणि अधिकाऱ्याला पटलं तर मिळणार. २३ जून २०२२ ला सहा विरुद्ध तीन अशा मतांनी कोर्टाने ते रद्द केलं, खास कारण मागता येणार नाही म्हणाले. पण परवाना पद्धतच रद्द केली नाही. पार्श्वभूमी तपासणं, प्रशिक्षण, बोटांचे ठसे हे राज्यं मागू शकतात. न्यूयॉर्कने त्याच वर्षी नवा कायदा केला, १६ तास वर्गात आणि २ तास प्रत्यक्ष गोळीबाराचं प्रशिक्षण, वर टाइम्स स्क्वेअरसारखी ‘संवेदनशील’ ठिकाणं वगळली. राज्याच्या इतर भागातला परवाना न्यूयॉर्क शहरात तसाच चालत नाही, शहराची वेगळी मंजुरी लागते.

दुसरं टोक व्हरमाँट. तिथे परवाना कधी नव्हताच, आजही राज्य देतच नाही, त्यामुळे तिथल्या माणसाला बाहेर जायचं असेल तर दुसऱ्या राज्याचा, यूटासारख्या, बाहेरच्यांसाठीचा परवाना काढावा लागतो. अलास्काने २००३ ला आणि ॲरिझोनाने २०१० ला परवान्याची सक्ती काढली, आणि २०२४ मध्ये लुइझियाना आलं तेव्हा अशी २९ राज्यं झाली. याउलट इलिनॉयमध्ये २०१३ पर्यंत सामान्य माणसाला परवाना मिळायची सोयच नव्हती, पन्नासांतलं ते शेवटचं. घटनेतली दुसरी दुरुस्ती, म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्काची, १७९१ ची, पण ती राज्यांवरही बंधनकारक आहे हे सुप्रीम कोर्टाने म्हटलं २०१० मध्ये. त्याआधीची दोनशे वर्षं प्रत्येक राज्याने आपापलं घडवलंय, हे लक्षात घेऊन वाचलंस तर तुझ्या पेपरला उपयोग होईल.

मी एमएससाठी जातेय, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडे ॲडमिशन मिळालंय. आई म्हणते बॅगेत पेपर स्प्रे आणि एक छोटा चाकू टाक. नेऊ का? – ऐरोली

अभिनंदन गं! इथून काहीच नेऊ नकोस. पेपर स्प्रे केबिनमध्ये चालत नाही, चेक-इनमध्येही बऱ्याच एअरलाइन्स घेत नाहीत, तिथे जाऊन घे. कॅलिफोर्नियात अडीच औंसांपर्यंतचा डबा चालतो, दुकानात मिळतो. न्यूयॉर्कमध्ये १८ वर्षं पूर्ण पाहिजेत आणि तो बंदुकीच्या परवानाधारक दुकानातून किंवा औषधवाल्याकडून समोर जाऊन घ्यायचा, कुरिअरने मागवायचा नाही. घ्यायच्या आधी युनिव्हर्सिटीचे कॅम्पसचे नियम बघ, ते कायद्यापेक्षा कडक असू शकतात.

चाकू सोडून दे. न्यूयॉर्क शहरात चार इंच किंवा त्याहून लांब पात्याचा चाकू रस्त्यावर जवळ बाळगायला मनाई आहे, आणि लहान असला तरी दिसेल असा लावायचा नाही. कॅलिफोर्नियात सरकारी युनिव्हर्सिटीच्या आवारात अडीच इंचांवरचा न मिटणारा चाकू गुन्हा आहे, राहत्या खोलीत भाजी चिरायच्या सुरीला सूट आहे पण ती सुरी बॅगेत टाकून वर्गात गेलीस तर ती सूट गेली. आईला सांग, सुरी स्वयंपाकघरातच राहील. रात्री लायब्ररीतून निघताना कॅम्पसची एस्कॉर्ट सेवा असेल तर ती वापर, लाजू नकोस, ती तुझ्यासारख्यांसाठीच असते. आणि तूही एफ-वन वर असणार, बंदुकीबद्दल पहिलं उत्तर परत वाच.

आपल्याकडे असा लपवून बाळगायचा परवाना मिळतो का? आणि आमच्या घरात पणजोबांची तलवार आहे, खंडेनवमीला पूजा करतो, तिला काही लागतं का? – कळवा

आपल्याकडे ‘लपवून’ आणि ‘उघड’ असे दोन परवाने नाहीत. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे, आणि ठाणे, नवी मुंबईसारख्या भागात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका आणि लायसन्सची मुदत पाच वर्षं. लायसन्सवर शस्त्राचं वर्णन आणि ते कुठल्या भागात चालेल ते लिहिलेलं असतं, म्हणजे इथेही जिल्हा, राज्य की सगळा देश हे कागदावर बघायचं. आणि गंमत नाही, खरंच, आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणी बंदूक होल्स्टरमध्ये किंवा कव्हरमध्ये पूर्ण झाकूनच न्यायची असते, दाखवत फिरायला मनाई आहे. लग्नात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद. निवडणूक लागली की पोलीस शस्त्रं जमा करायला सांगतात ते तुम्हाला माहीतच असेल.

तलवारीचं: नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्र कायद्याच्या यादीत येतात, घरगुती आणि शेतीच्या वापरासाठी बनवलेली सोडून. म्हणजे विळी, कोयता त्यात नाही, तलवार आहे. पूजेची जुनी तलवार घरात आहे एवढ्यावरून घाबरून जाऊ नका, पण जवळच्या पोलीस ठाण्यात तिच्याबद्दल लेखी विचारणा करून पोच घेऊन ठेवा. मात्र ती घराबाहेर काढू नका, म्हणजे अजिबातच नाही. वाढदिवसाला तलवारीने केक कापला, रील टाकली आणि दुसऱ्या दिवशी शस्त्र कायद्याच्या कलम ४ आणि २५ खाली गुन्हा, अशा बातम्या ठाणे-नवी मुंबईच्या पानावर सारख्या येतात, आणि पोरं बहुतेक वेळा विशीच्या आतबाहेरची असतात, पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला मग वर्षानुवर्षं अडकतात. शिवाय सणावाराला पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, तेव्हा लाठ्या, कोयते, दगडसुद्धा जवळ बाळगायचे नसतात. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत लेकीला दांडपट्टा खेळायचा असेल तर ज्या पथकाने पोलिसांची परवानगी घेतलीये त्याच पथकातून खेळू द्या.

मुलगी ऑस्टिनला शिकते. मित्राने तिला गोळीची कीचेन दिलीये, पितळी, रिकामी. सुट्टीत येताना घेऊन येऊ का विचारते. – खारघर

नको, आणणं तर नकोच, तिथे ठेवूही नका. तिकडच्या केंद्राच्या कायद्यात ‘ॲम्युनिशन’च्या व्याख्येत नुसतं रिकामं काडतूसही येतं आणि ती एफ-वन वर आहे. आणि इथे विमानतळावर एक्स-रेमध्ये गोळीचा आकार दिसला की बॅग बाजूला जाते, पोलिसांना बोलावतात, शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. ‘जाणीवपूर्वक ताबा’ नव्हता म्हणून हायकोर्टांनी असे गुन्हे रद्द केलेले आहेत, पण तिथपर्यंत जायला महिने जातात आणि तोवर तिचं परतीचं तिकीट, सेमिस्टर सगळं लटकतं. ज्याने दिली त्यालाच परत द्यायला सांगा, आणि येताना कॉलेजची जी सॅक वापरते तिचे सगळे कप्पे रिकामे करून, उलटी करून झटकायला सांगा, तळाशी काही राहिलं नाही ना ते बघूनच पॅक करू दे.